करीबूचं बटण

म्वानाकोम्बो शेकुएला राग येतो, हे आमच्या टांगा शहरात कुणाला सांगायला नको. दहाव्या रस्त्यावरचा शहाळेवाला ती जिना उतरू लागली की आधी तिच्या चपलांचा आवाज ऐकतो. आवाज जोरात असला तर हाकबीक न मारता मुकाट्यानं शहाळं फोडायला घेतो आणि पैसे मागायचे उद्यावर टाकतो. ऑफिसात तिला किल्लीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक आहे, आणि त्याचाही तिला राग आहेच.

किल्ल्या काही दाराच्या नव्हेत. म्झे, म्हणजे वडीलधारे, सेम्बोजा यांच्या लहानशा कंपनीत सातआठ माणसं बसून संगणकाचे प्रोग्राम लिहितात. सगळ्यांनी लिहिलेला कोड एका सामाईक भांडारात राहतो, त्याला तिथं रेपो म्हणतात. त्या रेपोत कुणी नुसतं वाचायचं, कुणी लिहायचं, आणि ॲडमिन होऊन दुसऱ्यांना आत घ्यायचं किंवा बाहेर काढायचं ते कुणी, हे सांभाळायचं काम म्वानाकोम्बोचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हे काम म्हणजे दिवसभर लोकांना नाही म्हणायचं. आणि आमच्याकडे 'नाही' हा शब्द तोंडातून काढताना चांगल्या चांगल्या माणसाला घाम फुटतो. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. 'बघू', 'देवाची इच्छा', 'अजून नाही' असं म्हणतात. अशा गावात सकाळ-संध्याकाळ सरळ 'नाही' म्हणणाऱ्या बाईला लोक नावं ठेवणार नाहीत तर काय आरती ओवाळणार?

दुपारी ऑफिसात चटईवर मोठं ताट येतं. नारळाच्या दुधातला भात, वर मासा, कडेला आंब्याची फोड. सगळे त्या एकाच ताटात जेवतात. तेवढ्यात जिन्यावरून कुणी आलं, वीजबिलवाला का असेना, की सगळ्यांनी म्हणायचं, "करीबू." म्हणजे या, बसा, जेवा. आलेल्यानं म्हणायचं, चालू द्या तुमचं. पुन्हा करीबू, पुन्हा चालू द्या. दोनदा आग्रह होऊन तिसऱ्यांदा कुणी बसलाच तर बसला, ताट मोठं असतंच. पण पहिल्याच हाकेला हात धुऊन बसणारा माणूस बाहेरगावचा, हे लहान पोरालाही कळतं. यात खोटं काही नाही. माणसाला दारातून कोरडं जाऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्वानाकोम्बोला हे लहानपणापासून पचत नाही. बाप सतराव्या रस्त्यावर सायकली दुरुस्त करायचा. टांगा म्हणजे सायकलींचं गाव, त्यामुळे दुकानात गर्दी कायम, आणि बापाचं तोंड गोड. ओळखीचा कुणी पायी दिसला की म्हणायचा, ही ने, संध्याकाळी आण. संध्याकाळ व्हायची, सायकल यायची नाही. मग फ्रॉकमधली म्वानाकोम्बो त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहायची आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सायकल मागायची. बायका तिच्या आईला म्हणायच्या, पोरीला वळण लावा. बाप हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच सायकल त्याच माणसाला पुन्हा द्यायचा.

पुढे ती दार-ए-सलामला शिकली आणि तिथल्या एका बँकेच्या संगणक विभागात बारा-तेरा वर्षं राहिली. तिथंही काम हेच, कुणी काय बघायचं ते ठरवायचं. तिथं तिचं बरं चाललं होतं, कारण बँकेत माणसं नाही म्हणायला पगार घेतात. मग आईला अर्धांगाचा झटका आला आणि ही सगळं सोडून टांगाला परत आली. चाळिशीची बाई, नवरा सोडलेली, जिभेला धार. कोण देणार काम? म्झे सेम्बोजांनी दिलं.

म्झे निवृत्त हेडमास्तर. सगळी हयात पोरांना किस्वाहिली शिकवण्यात गेली, संगणकाचं ओ की ठो कळत नाही. पण निवृत्तीचे पैसे घालून त्यांनी दहाव्या रस्त्यावर माडीवर संगणकाचा वर्ग काढला, वर्गाची कंपनी झाली, आणि जुने विद्यार्थी येऊन मिळाले. म्वानाकोम्बो कामाला लागली त्या दिवसापासून म्झेंची बायको रोज सकाळी तिच्या आईसाठी पेज पाठवते. डबा यायचा चुकला नाही एक दिवस. आता अशा माणसावर चिडायचं कसं? पोटात आग पेटलेली आणि तोंडाला कुलूप, अशी या बाईची कितीतरी वर्षं गेली.

कारण म्झेंनी जन्मात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं, आणि रेपोलाही ते दारच समजत.

कंपनी त्यांची, म्हणून रेपोत मालक म्हणून नाव त्यांचं. पाटी असावी तसं ते होतं, त्यानं काही बिघडत नव्हतं. पण ऑफिसातल्या म्बाराकानं, हौशी माणूस तो, संगणकावरचे सगळे पडदे किस्वाहिलीत करून घेतले. नव्या माणसाला आत घेण्याचं जे बटण होतं, त्यावर त्यानं लिहिलं 'करीबू'. दुसरं लिहिणार तरी काय? म्झेंना ते इतकं आवडलं की त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघितलं. तेव्हापासून रीतच पडली. ऑफिसात कुणी पाहुणा येऊन गेला, कॉफी झाली, दोन गप्पा झाल्या, की म्झे संगणकाशी बसून एका बोटानं त्याचा पत्ता घालायचे आणि करीबू दाबायचे. बंदरावरचे साहेब, मशिदीच्या कमिटीचे खजिनदार, मस्कतला गेलेले जुने विद्यार्थी, कुणाला सोडलं नाही. पडदा विचारायचा, हा माणूस वाचणारा, लिहिणारा की ॲडमिन? म्झे म्हणायचे, पाहुण्याला काय मागच्या बाकावर बसवायचं? आणि ॲडमिन दाबायचे.

यावर म्वानाकोम्बोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती ती आमंत्रणं रद्द करायची, म्झे पुन्हा पाठवायचे. ती समजावून सांगायची की हा जेवायचा आग्रह नाही, ही घराची किल्ली आहे. म्झे शांतपणे विचारायचे, "पोरी, आजवर कुणी आलंय का?" आणि खरंच कुणी येत नव्हतं. खजिनदारांना पत्र मिळायचं, त्यांना भरून यायचं, ते फोन करून म्हणायचे, म्झे, आठवण ठेवलीत, चालू द्या तुमचं. स्वीकारायचं बटण कुणी दाबत नसे. काही दिवसांनी आमंत्रण आपोआप मरायचं. सगळी आपली माणसं. म्हणणं कुठवर आणि येणं कुठून, ते जाणणारी.

मग कंपनीच्या हाती लसीकरणाचं काम आलं. गावोगावच्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम करायचा. नर्सनं बाळाचं नाव घातलं की पुढच्या डोसाची तारीख काढायची आणि आईच्या फोनवर संदेश पाठवायचा. म्वानाकोम्बोला पहिल्यांदाच एखादं काम मनापासून आवडलं. मुहेझाच्या वर डोंगरात एक दवाखाना आहे, तिथं फ्रिज नाही. लस मोटरसायकलवरून येते आणि ती फक्त बुधवारी. म्हणून प्रत्येक दवाखान्याचा लशीचा वार आकड्यानं लिहून ठेवलेला. आमचा आठवडा शनिवारी सुरू होतो. सोमवारचं नाव जुमातातू, म्हणजे तिसरा. बुधवारचं जुमातानो, म्हणजे पाचवा. नावातच आकडा आहे, नर्सेसना वेगळं शिकवावं लागलं नाही. डोंगरातली नर्स साउमू हिनं आपल्या दवाखान्याच्या नावापुढे पाच लिहिलं, आणि आया बुधवारी येऊ लागल्या. सुरुवातीला थोडेच दवाखाने घेतले होते. ते नीट चाललं तर पुढे सगळ्या प्रांताला द्यायचं ठरलं होतं.

अशात नैरोबीहून क्यालो मुसेंबी आला. संदेश पाठवायच्या यंत्रणेचा जाणकार, हुशार, बोलका, मनानं निर्मळ. दुपारी ताट आलं, म्झे म्हणाले करीबू, आणि क्यालो पहिल्याच हाकेला बसला. बसला तो माशाचं डोकं घेऊन बसला. सगळे हसले. केनियाची माणसं अशीच. सरळ विचारतात, सरळ घेतात. म्झेंना तर तो फारच आवडला. तो गेला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं.

क्यालोची बस होरोहोरोची सरहद्द ओलांडायच्या आधीच त्यानं आमंत्रण स्वीकारलं होतं. त्याचं काय चुकलं? मालकानं स्वतः बोलावलं, आला. वेळ घालवायला म्हणून कोड वाचत बसला, तर त्याला दिसलं की सोमवारला तीन आकडा दिलाय. संगणकाच्या जगात सोमवार म्हणजे एक. नैरोबीत वारांची नावं इंग्रजीतच घेतात, त्यामुळे जुमातातू त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, अरे, ही तर ढोबळ चूक. रेपोत नियम होता की दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय मुख्य कोडात काही जाणार नाही, पण ॲडमिनला तो नियम ओलांडता येतो. त्यानं ओलांडला आणि निरोप ठेवला: तुमचा आठवडा सरळ करून दिलाय, जेवण फार छान होतं.

म्वानाकोम्बो तेव्हा आईला घेऊन इस्पितळात होती. ऑफिसात तो निरोप सगळ्यांनी वाचला आणि किती चांगला माणूस म्हणून मान डोलावली. कुणी काय बदललं ते उघडून बघितलं नाही. पाहुण्यानं दिलेली भेट उघडून पारखत नाहीत आमच्यात.

मग म्वानाकोम्बो कामावर परतली त्या शुक्रवारीच साउमूचा फोन आला. साउमू हळू बोलणारी बाई. त्या दिवशीही तिनं आवाज चढवला नाही.

"बाई, तुमचा आठवडा कुणी फिरवला?" साउमूनं विचारलं. "बुधवारी मी लस घेऊन बसले, कुणी नाही आलं. ती वाया गेली. आज सगळ्या आल्यात. तुमच्याच संदेशानं आल्यात. माझ्याकडे आज मिठाचं पाणीसुद्धा नाही द्यायला."

ती पुढे सांगत राहिली. चहाच्या मळ्यांपलीकडून, चिखलातून, पाठीला पोरं बांधून बाया उतरल्या होत्या. काही जणी तिला वाट्टेल ते बोलल्या, त्याचं तिला काही नव्हतं. पण एक जण काहीच बोलली नाही. तिनं पोर पुन्हा पाठीला बांधलं आणि एवढंच म्हणाली, आता संदेश आला तरी मी येणार नाही. "आणि ती येणार नाही," साउमू म्हणाली. "मी ओळखते तिला. मोठ्या मिनतवारीनं आणली होती."

म्वानाकोम्बोनं फोन ठेवला. बिघाड कुठं आहे हे तिला उघडताक्षणी दिसलं, साउमूचं पाच आता शुक्रवार झालं होतं; कोड पूर्ववत करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बाकी दवाखान्यांत फ्रिज होता, म्हणून तिथं निभावलं. तळपायाची आग मस्तकाला गेली ती नंतर. नाव वाचलं, क्यालो मुसेंबी, ॲडमिन, आणि आत घेणारा कोण, तर मालक. तिनं आधी क्यालोला काढून टाकलं आणि मग त्याला फोन लावून असा फैलावर घेतला की बिचाऱ्याला श्वास घ्यायला मिळेना. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मनापासून माफी मागितली, आणि शेवटी म्हणाला, "बाई, चूक माझी, कबूल. पण बोलावलंत म्हणून आलो. येऊच नये असं वाटत होतं तर बोलावता कशाला?"

लहानपणी असाच प्रश्न तिनं सतराव्या रस्त्यावर बापाला विचारला होता: परत यायची नाही हे ठाऊक असतं, तर संध्याकाळी आण म्हणता कशाला?

ती तशीच म्झेंच्या खोलीत गेली. म्झे कॉफी पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं, आयांबद्दल ऐकून त्यांचे डोळे भरले. ते ढोंग नव्हतं, त्या माणसाला ढोंग येतच नाही. पण मग म्हणाले, त्या पोरानं प्रेमानं केलं ते. लगेच काढलंस, त्याला वाटेल आपण रागावलो.

"आपण रागावलोच आहोत, म्झे."

"तू रागावलीस," म्झे हळूच म्हणाले.

संध्याकाळी तिनं पुन्हा यादी बघितली, तर क्यालोला नवं आमंत्रण गेलेलं. ॲडमिन म्हणूनच. म्झेंनी फोन करून त्याची समजूत काढली होती आणि त्या भरात बटण दाबलं होतं. सांगा आता, या माणसाला काय म्हणायचं? वाईट माणूस परवडला, त्याला तोंडावर दोन शब्द सुनावता येतात. डोळ्यांत पाणी आणून घर उघडं टाकणाऱ्या माणसाचं करायचं काय? आणि इकडे दहा दिवसांनी, सोमवारी, तोच प्रोग्राम प्रांतातल्या सगळ्या दवाखान्यांत जायचा होता. आज एका डोंगरातल्या बाया परत गेल्या. ते बटण म्झेंच्या बोटाखाली राहिलं, तर उद्या किती जातील? म्वानाकोम्बोनं ठरवलं की मालकी म्झेंकडून काढून घ्यायचीच. कशी, ते तिला कळत नव्हतं. मालकाशिवाय मालकी कुणाला देता येत नाही, रेपोतही नाही आणि टांगातही नाही.

गुरुवारी आरोग्य खात्याचे डॉक्टर लुगेंडो आले. सगळे चटईवर गोल बसले. डॉक्टर घुश्शातच होते, आणि का नसावेत? त्यांनी एकच गोष्ट विचारली. बाहेरचा माणूस आत कसा आला, आणि दार कुणाकडे असतं?

सगळ्यांचे डोळे म्वानाकोम्बोकडे वळले. ती म्झेंकडे बघत राहिली. एक शब्द, बस. मी बोलावलं, एवढं म्हणा. म्झे कपाच्या तळाशी उरलेल्या कॉफीकडे बघत मूग गिळून बसले. म्बाराकानं घसा खाकरला आणि तोही गप्प. ऑफिसात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वडीलधाऱ्याची लाज राखायची होती. हिची लाज राखायची कुणाच्या मनात आलं नाही, कारण किल्लीबाईला कसली आलीय लाज.

डॉक्टर म्हणाले, या बाईंना हे जमत नसेल तर सोमवारचं मी थांबवतो. काम दुसरीकडे देतो.

तेव्हा म्झेंनी कप खाली ठेवला. कुणी अडचणीत आलं की ते जे जन्मभर करत आले, तेच त्यांनी केलं. दोन्ही हात पसरले, हसले, आणि आवाजात सगळा गोडवा आणून म्हणाले, "डॉक्टर, हिच्यावर रागावू नका. इथं माझं काय आहे? जे आहे ते हिचंच. करीबू, पोरी. ये, माझ्या जागी तूच बस."

इथं काय म्हणायचं असतं हे त्या चटईवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. नको म्झे, तुमची सावली आमच्यावर राहू द्या. एवढं म्हटलं असतं तर डॉक्टर निवळले असते, कॉफी पुन्हा आली असती. म्बाराकानं तर मान डोलवायची तयारीही केली होती.

म्वानाकोम्बोनं आपला लॅपटॉप उघडला, मालक बदलायचं पान काढलं आणि पडदा म्झेंकडे वळवला.

"बसते," ती म्हणाली. "इथं तुमचा पासवर्ड टाका, म्झे."

म्झे आधी हसत होते, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. डॉक्टर बघत होते. शब्द तर तोंडून गेलेला. म्झेंनी चष्मा लावला आणि एका बोटानं अक्षरं दाबू लागले. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदाही चुकले. म्वानाकोम्बोला हात पुढे करून मदत करावीशी वाटली आणि तिनं हात मांडीखाली दाबून धरला. जमलं तेव्हा म्झे उठले, डॉक्टरांना जिन्यापर्यंत पोचवून आले, आणि घरी गेले.

त्या संध्याकाळी तिनं रेपो धुऊन काढला. बंदरावरच्या साहेबांचं पडून राहिलेलं आमंत्रण गेलं, खजिनदारांचं गेलं, मस्कतवाल्यांची गेली, क्यालोचं नवं गेलं. मग ऑफिसातल्या एकेकासमोर जाऊन तिनं एकच विचारलं, इथं तुझं काम काय? जेवढं काम तेवढाच हक्क. म्बाराका ॲडमिन होता, तो नुसता लिहिणारा झाला आणि गाल फुगवून बसला. सगळ्या दवाखान्यांचे वार जिथं आहेत तिथं दोघांनी तपासल्याशिवाय कुणालाच हात लावता येऊ नये अशी तिनं व्यवस्था केली, त्यात ती स्वतःही आली. म्झेंचं नाव वाचणाऱ्यांत ठेवलं. मालकाचं नाव अगदीच काढणं बरं दिसत नाही, असं ती मनाशी म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस गार पडलं. भांडण कुणी केलं नाही, आमच्यात भांडत नाहीत. दुपारी ताट आलं की तिला करीबू म्हणत, पण एकदाच. दुसरा आग्रह कुणी केला नाही. ती चालू द्या म्हणे, आणि ते चालू देत. ती खिडकीशी बसून भाजलेला कसावा खाई आणि बाहेरच्या रहदारीवर डोळे वटारी. घरी आई अर्ध्या तोंडानं बोलली, पण ऐकायचं ते ऐकू आलं. ज्यानं आपल्याला पोटापाण्याला लावलं त्याला चारचौघांत हाताला धरून उठवलंस. आणि त्यात पेजेचा डबा रोज येतच होता, गरम, झाकणाला फडकं बांधलेला. म्वानाकोम्बोला त्या डब्याचा जेवढा राग आला तेवढा क्यालोचाही आला नव्हता. डबा बंद झाला असता तर तिला जरा बरं वाटलं असतं. पण ते लोक तेवढंही सुख देईनात.

सोमवारी प्रोग्राम प्रांतभर गेला. बुधवारी सगळीकडे बुधवारच होता. दुपारी साउमूचा फोन आला, सगळ्या आल्या, लस पुरली. आणि ती? ती नाही आली, साउमू म्हणाली. पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन बघते.

फोन ठेवून म्वानाकोम्बो बसली होती तेवढ्यात दाराशी आवाज आला, "होडी."

दुसऱ्याच्या दारात उभं राहून होडी म्हणायचं आणि आतून करीबू आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. तीनदा म्हणूनही उत्तर आलं नाही तर परत फिरायचं. आवाज म्झेंचा होता. त्यांच्याच माडीवर, त्यांनीच लावलेल्या दारात.

ती बोलली नाही. होडी, पुन्हा आलं. ती टेबलाकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ती म्हणाली, "करीबू, म्झे," आणि तो शब्द तिच्या तोंडून अगदी कोरडा निघाला.

म्झे आत आले. खुर्ची होती, पण बसले नाहीत.

"इथं काम काय, असं तू सगळ्यांना विचारलंस. मला नाही विचारलंस."

तिनं पुढ्यातले कागद सारखे केले.

"विचार," म्झे म्हणाले. हेडमास्तरांचा आवाज होता तो.

"काय काम आहे, म्झे?"

"काही नाही. त्यातली एक ओळ मला वाचता येत नाही आणि तू मला वाचणाऱ्यांत बसवलंयस. म्हणायचं म्हणून ठेवलंस तू माझं नाव. काढ."

"राहू द्या," म्वानाकोम्बो म्हणाली. "त्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

हे बोलणं म्झेंचंच होतं, आणि तिला ते बोलल्यावर कळलं.

"डोंगरातली ती बाई आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही आली."

"मग काढ."

तिनं यादी उघडली आणि नाव काढलं. म्झे वाकून पडद्याकडे बघत होते, नाव जाईपर्यंत. मग सरळ झाले, आणि सदऱ्याची बाही नीट करत म्हणाले, "राग गेला?"

"नाही गेला," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचाही संताप येत होता.

"जाऊ देऊ नकोस," म्झे म्हणाले. "तो गेला, की मी गोड बोलून परत आत येईन."